माजघरांतील परका

गेल्या श्रावणांत चार दिवस लोहगडवाडीस राहण्याचा योग आला. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनें मळवलीस उतरावें, भाजें गांव मागें टाकून गायमुख खिंडीपर्यंत चढावें, म्हणजे एका अंगास विसापूर व दुसऱ्या अंगास लोहगड असे दोन राखणदार उभे दिसतात आणि लोहगडाच्या पायथ्याशीं ही वाडी लागते. आतां वाडीपर्यंत गाडीरस्ता झाल्यामुळें ही चढण चढणारे थोडे; आम्हीही, खोटें कशाला सांगावें, भाड्याच्या मोटारीनेंच गेलों. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला त्यांत लोहगड एक आहे. पावसाळ्यांतील शनिवार-रविवारीं येथें पाऊल ठेवावयास जागा नसते, म्हणून आम्हीं सोमवार गांठला होता.

आमचे यजमान पस्तिशीच्या आंतबाहेरचे गृहस्थ. वडिलार्जित घर जुन्या धर्तीचें. पुढें पडवी, मग ओटी, आंत माजघर आणि मागच्या अंगास चूल. बाजूला पाहुण्यांसाठीं दोन नव्या खोल्या काढलेल्या. पाहुण्यांनीं ओटीवर बसावें, पिठलें-भाकरी खावी, हव्या तितक्या गप्पा माराव्या. माजघराचा उंबरा मात्र ओलांडूं नये. हा नियम कोणी सांगत नाहीं आणि कोणास सांगावाही लागत नाहीं. आंतून भाकरी थापल्याचा आवाज येतो, यजमानांच्या मातोश्री नातवावर रागावल्याचें ऐकूं येतें, पण आपण तिकडे कान देत नाहीं. एवढी समज आपल्या समाजांत, गरिबाच्या झोंपडींतसुद्धां, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे.

ओटीच्या भिंतीवर त्रेचाळीस इंची टीव्ही होता. दुसऱ्या दिवशीं पाऊस असा कोसळूं लागला कीं गड तर राहोच, अंगणापलीकडचें झाडही दिसेना. आमच्याबरोबरच्या मुलांनीं टीव्ही लाविला. लावतांच पडद्यावर एका तरुणाचा हंसरा चेहरा, त्याचें नांव, आणि खालीं त्यानें अर्धवट सोडलेल्या चित्रपटांची रांग! मागल्या आठवड्यांत येऊन राहिलेला हा कोणी पाहुणा. त्यानें टीव्हींत आपलें खातें उघडलें, चित्रपट पाहिला आणि जातांना तें तसेंच उघडें टाकून तो निघून गेला. मुलांनीं क्षणभरांत त्याची कुंडली वाचावयास आरंभ केला. काय पाहतो, काय शोधतो, काय अर्ध्यावर टाकतो. त्यांतलें कांहीं हंसण्याजोगें होतें. कांहीं मात्र आमच्या दृष्टीस पडावयास नको होतें. आम्हीं रिमोट काढून घेतला व तें खातें बंद केलें.

यजमानांस हें सांगितलें तेव्हां ते ओशाळले. त्यांच्या घरीं एक पत्र्याची पेटी आहे. पाहुणे विसरून गेलेला चष्मा, चार्जर, पैशांचें पाकीट, एकदां तर सोन्याची आंगठी, हें सारें त्या पेटींत जपून ठेवतात आणि फोन आला कीं ज्याचें त्याला पोंचतें करितात. "पण काका," ते म्हणाले, "असलं कायतरी बी मागं राहातं, ह्ये आमाला कुठं ठावं?" मग थोडा वेळ पावसाकडे पाहून त्यांनीं जो प्रश्न विचारला तो आम्हांस अजून सोडीत नाहीं. "आवो, टीवी आपण बघायचा. त्यो आपल्याला कसा काय बघंल?"

हा प्रश्न भाबडा म्हणून हंसण्यावारी नेऊं नये. आमच्या पिढीनें टीव्ही ज्या रूपांत प्रथम पाहिला त्या रूपास तो अगदीं बरोबर लागू पडत होता. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें. वरळीच्या मनोऱ्यावरून लहरी निघाव्या, आपल्या छपरावरच्या अँटेनानें त्या झेलाव्या, कीं काम संपलें. चाळींत एखाद्याच्याच बिऱ्हाडीं टीव्ही असे आणि "चिमणराव" पाहावयास सारा मजला त्याच्या दारांत गोळा होई. कोण आलें, कोण रुसून आलें नाहीं, हें चाळीला बिनचूक ठाऊक असे. वरळीस त्याचा पत्ता नसे. पाऊस पडून जातो, पण कोणत्या शेतांत किती मुरला हें ढगाला कळत नाहीं, तशांतला तो प्रकार होता. हल्लींचा टीव्ही इंटरनेटशीं जोडलेला असतो, आणि त्या वाटेनें जसें आंत येतां येतें तसें बाहेरही जातां येतें.

यजमानांस आम्हीं समजावून सांगितलें तें असें. पडद्यावर जें चित्र उमटतें त्याचा हा टीव्ही ठराविक काळानें ठसा घेत असतो, कचेरींत आंगठ्याचा घेतात तसा. हे ठसे कारखानदाराच्या दप्तरीं रवाना होतात. तेथें असंख्य कार्यक्रमांचे, चित्रपटांचे व जाहिरातींचे ठसे आधींच नोंदून ठेवलेले असतात. ठशाशीं ठसा जुळला कीं अमक्या घरीं अमक्या मिनिटास काय चाललें आहे तें कळलें. लंडन, माद्रिद व कॅलिफोर्निया येथील विद्यापीठांच्या संशोधकांनीं २०२४ मध्यें दोन नामांकित कंपन्यांच्या टीव्हींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें नमूद आहे कीं सॅमसंगचा टीव्ही सेकंदास दोनदां ठसा घेतो आणि एलजीचा सेकंदास शंभरदां; पहिला आपला गठ्ठा दर मिनिटास पाठवितो, दुसरा दर पंधरा सेकंदांस. बाहेरचें यंत्र तारेनें जोडून टीव्हीचा केवळ पडदा म्हणून उपयोग केला तरी हें चालूच राहिलेलें त्यांना आढळलें. समाधानाची गोष्ट एवढीच कीं सेटिंगमध्यें जाऊन रीतसर नकार कळविल्यावर दोन्ही टीव्ही गप्प बसले.

"रीतसर नकार" हे शब्द लिहितांना आम्हांस व्हिझिओ कंपनीचें प्रकरण आठवतें. ही अमेरिकेंतील मोठी टीव्ही कंपनी. फेब्रुवारी २०१४ पासून तिच्या टीव्हींनीं घरोघरच्या पडद्यांची सेकंदासेकंदाची नोंद चालविली होती. अशा टीव्हींची संख्या १ कोटी १० लाख. नोंद घेऊनच ती थांबली असती तर एक वेळ बरें होतें. घराचा इंटरनेटवरील पत्ता त्या नोंदीबरोबर दिला जाई, आणि त्याच्या साह्यानें त्या घरच्या माणसांचें वय, स्त्री कीं पुरुष, मिळकत, शिक्षण, लग्न झालें आहे कीं नाहीं, घर स्वतःचें कीं भाड्याचें, ही सारी माहिती तिला जोडली जाई व तिऱ्हाइतांस विकली जाई. वधूवरांच्या टिपणांतही याहून अधिक विचारीत नाहींत! ज्या सेटिंगखालीं हें चाले तिचें नांव "स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी", आणि खुलासा असा कीं यामुळें कार्यक्रमांच्या सूचना मिळतात. तेथील फेडरल ट्रेड कमिशननें खटला भरला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्यें कंपनीनें २२ लाख डॉलर भरून तो मिटविला. डोकीमागें हिशेब केला तर टीव्हीस वीस सेंट पडले. या व्यापाराचें मूळ कशांत आहे तें पुढें उघड झालें. २०२१ च्या एका तिमाहींत या कंपनीस टीव्ही विकून झालेल्या नफ्याच्या दुपटीहून अधिक नफा जाहिराती व त्या अनुषंगाच्या धंद्यावर झाला. बाजारांत एवढा मोठा टीव्ही एवढ्या स्वस्तांत कसा मिळतो, याचें कोडें ज्यांस पडतें त्यांनीं येथें थोडें थांबावें.

इतर कंपन्यांची कथा निराळी नाहीं. २०१३ मध्यें इंग्लंडांतील एका गृहस्थास आढळलें कीं त्याचा एलजीचा टीव्ही, नकार कळविल्यावरही, पाहिलेल्या वाहिन्यांचीं नांवें आणि पेनड्राइव्हवरच्या घरगुती चित्रफितींचीं नांवेंसुद्धां बाहेर पाठवीत होता. २०१५ मध्यें सॅमसंगच्या धोरणपत्रांतच ग्राहकांस इशारा छापलेला सांपडला कीं टीव्हीशीं बोलतांना आपण खाजगी कांहीं बोललांत तर तेंही तिऱ्हाइतापर्यंत जाऊं शकेल. भिंतीला कान असतात ही आपल्याकडची म्हण, पण ते कान विकत आणून, हप्त्यांवर, स्वहस्तें भिंतीला लावण्याचें आपल्या पूर्वजांच्या मनांत आलें नव्हतें.

येथवर वाचून आमच्या कित्येक वाचक-भगिनी म्हणतील, "कळेना का बापडे! आम्ही पाहतों काय, तर मालिका आणि कीर्तनें. आमच्या घरांत लपवण्याजोगें आहे तरी काय?" हा आक्षेप आम्ही स्वतः कित्येक वर्षें घेत आलों. आमच्या नात्यांतील एका घरीं जें घडलें त्यानंतर तो घेववत नाहीं. ती हकीकत, त्या मंडळींची अनुज्ञा घेऊन व ओळख पटणार नाहीं अशा बेतानें, येथें देतों.

त्या घरीं नवा टीव्ही आला तेव्हां तो सुरू करण्याचें काम सुनेकडे आलें, कारण इंग्रजी सूचना भराभर वाचणारी घरांत तीच. टीव्हीनें खात्याचें नांव विचारलें. तिनें आपल्या मोबाइलवरचेंच दिलें. पानापानांवर "मान्य आहे" दाबीत गेली. दोन वर्षें कांहीं बिघडलें नाहीं. मग गेल्या हिवाळ्यांत एके दिवशीं स्नान करतांना तिच्या स्तनांत गांठ हातास लागली. डॉक्टरांनीं तुकडा काढून तपासणीस पाठविला व आठ दिवस थांबावयास सांगितलें. तिनें पतीखेरीज कोणास शब्द बोलून दाखविला नाहीं. सासऱ्यांचें हृदय दुबळें, मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर. काय तें नक्की कळल्यावर सांगूं, असा तिचा विचार. आणि रात्रीं सारे निजले म्हणजे ती अंधारांत मोबाइलवर त्याच विषयाचे व्हिडिओ एकामागून एक पाहत पडून राही. कोण नाहीं पाहणार?

पांचव्या दिवशीं घरीं संक्रांतीचें हळदीकुंकू होतें. पंधरा-वीस बायका जमलेल्या. एकीनें गाणीं लावावीं म्हणून टीव्ही सुरू केला, आणि पडद्यावर "तुमच्यासाठीं" या मथळ्याखालीं त्या रोगाच्या नांवांची एक सबंध ओळ! शस्त्रक्रियेनंतर काय खावें, केंस पुन्हां केव्हां येतात, अशीं चित्रांसह. बोलणें एकाएकीं थांबलें. सासूबाईंनीं प्रथम पडद्याकडे पाहिलें आणि मग सुनेकडे. ती तिळगुळाचें ताट हातांत घेऊन उभी होती.

सुदैवानें तपासणींत वावगें कांहीं निघालें नाहीं. घरांतलें माणूस वाईट नाहीं. सासूबाईंनीं त्या रात्रीं तिला जवळ घेतलें, आणि "मला कां नाहीं सांगितलेंस" म्हणून दोघी रडल्या. तरीपण महिन्याभरानें भेटली तेव्हां ती आम्हांस म्हणाली, "काका, रोग नव्हताच. पण आठ दिवस गप्प राहण्याचा तरी हक्क माझा होता कीं नाहीं?"

येथें कोणी हेरगिरी केली असें म्हणतां येणार नाहीं. ठसाही कोणी घेतला नाहीं. यंत्रानें आपल्या समजुतीप्रमाणें सेवाच केली. मोबाइल एकट्याचा, टीव्ही साऱ्या घराचा, आणि दोहोंस किल्ली एकच लाविली गेली, एवढाच काय तो प्रमाद. पण आपल्या घरांत दुसऱ्याच्या नांवचा लखोटा फोडणें हें पाप समजत असत. पत्र आलें तर आजोबासुद्धां तें न फोडतां सुनेच्या हातीं देत. तीच घरें आज सर्वांचीं पत्रें फोडून दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगीत आहेत, आणि तें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

त्या मुलीच्या प्रश्नास आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें उत्तर दिलेलें आहे. निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें निर्णय दिला कीं खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पीठावर नागपूरचे न्यायमूर्ति शरद बोबडे होते, आणि चार न्यायाधीशांच्या वतीनें मुख्य निकालपत्र लिहिलें तें न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं. १९७६ मध्यें, आणीबाणीच्या दिवसांत, जबलपूर खटल्याचा जो निकाल चार विरुद्ध एक असा लागला होता, तो याच निकालपत्रानें रद्द ठरविला. त्या चारांपैकीं एक धनंजयरावांचे वडील, पुण्यांत जन्मलेले न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड. वडिलांचें म्हणणें चुकलें असें मुलानें भर न्यायालयांत लिहावें, तेंही घराच्या खाजगीपणाच्या प्रश्नावर, हा योग आम्हांस फार मोलाचा वाटतो. ज्यांच्या घरीं वडिलांपुढें बोलण्याची सोय नाहीं त्यांनीं तो निकाल अवश्य वाचावा.

यापुढें २०२३ मध्यें संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले आणि मुख्य कलमांच्या अंमलास त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. संमति मोकळ्या मनानें, समजून-उमजून व विशिष्ट कारणापुरती दिलेली असावी. संमतीची सूचना इंग्रजींत किंवा संविधानाच्या आठव्या परिशिष्टांतील भाषेंत, म्हणजे मराठींतही, मागण्याचा पर्याय असावा. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतींत आईबापांची खात्रीलायक संमति घ्यावी व त्यांचा माग काढून त्यांस जाहिराती दाखवूं नयेत. असें हा कायदा सांगतो. कायदा चांगला आहे. पण तो लिहिणारांच्या डोळ्यांपुढें एक माणूस आणि एक मोबाइल होता असें वाटतें. टीव्हीवर "मान्य आहे" हें बटण घरांतील एकजण दाबतो, आणि बांधले जातात सातजण, शिवाय आलेगेले. लोहगडवाडीच्या ओटीवर तें बटण दाबलें होतें यजमानांच्या बारा वर्षांच्या मुलानें! त्याच्या आजीनें, आमच्यासारख्या पाहुण्यांनीं, मुंबईच्या त्या तरुणानें कोणास केव्हां संमति दिली?

तिसऱ्या दिवशीं दुपारीं पाऊस ओसरला आणि आम्ही गड चढलों. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे चार दरवाजे एकापाठोपाठ लागतात. वाट अशी वळवून नेली आहे कीं एका दरवाजांतून आंत आलेला मनुष्य दुसऱ्याच्या माऱ्यांत सांपडावा. यांतला नारायण दरवाजा नाना फडणिसांनीं बांधविला. वरची सोळाकोनी बावही त्यांचीच. आम्ही त्या बावेच्या कांठीं बराच वेळ बसलों होतों. दिल्लीपासून हैदराबादेपर्यंत दरबारोदरबारीं नानांचे वकील व बातमीदार असत. कोण कोणास भेटला, कोणाचें कोणाशीं बिनसलें, याचीं पत्रें अखंड पुण्यास येत. मेणवलीच्या दप्तरांत त्या कागदांचे ढीगच्या ढीग निघाले. दुसऱ्याच्या घरची बातमी म्हणजे काय चीज आहे हें त्या पुरुषाइतकें कोणास कळलें असेल? आणि त्यानेंच आपल्यासाठीं जागा निवडली ती ही, चार दरवाजांच्या आंतली. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या अल्पवयी पत्नी जिऊबाईंस आश्रय मिळाला तोही याच गडावर. मुलें विंचूकाट्याच्या टोंकास जाऊं द्या म्हणून हट्ट धरून बसलीं होतीं. निसरड्यामुळें आम्हीं जाऊं दिलें नाहीं.

खालीं आल्यावर यजमान म्हणाले, "काका, आता ह्या टीवीचं काय करायचं त्ये सांगा. फोडू का काय?" फोडण्याचें कारण नव्हतें. पाहुण्यांस तो हवा असतो, आणि त्यांच्या मातोश्रींस सायंकाळचें कीर्तन. आम्हीं चहा घेऊन कामास लागलों. प्रथम सेटिंगमध्यें शिरून ठशांचें खातें शोधलें. येथें एक गोष्ट सांगून ठेवतों. त्यास सरळ नांव कोणीच देत नाहीं. सॅमसंगमध्यें तें "व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस" या नांवानें, एलजीमध्यें "लाइव्ह प्लस" या नांवानें असतें. इतरांत गोपनीयता, जाहिराती, अटी अशा मथळ्यांखालीं धुंडाळावें लागतें. आवडीनुसार जाहिरातींची परवानगीही जवळच असते, तीही काढावी. आवाजानें चालणारा रिमोट असेल तर मायक्रोफोनची परवानगी बंद करावी, आणि बटणें दाबण्याइतके कष्ट बोटांस द्यावे. आम्हांस या साऱ्यास अर्धा तास लागला. परवानगी देण्यास मुलाला अर्धा मिनिटही लागला नव्हता.

मग राउटर. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठीं निराळें जाळें काढण्याची सोय असते. यजमानांचा मोबाइल, ज्यावर पाहुण्यांचे पैसे येतात, आणि पाहुण्यांचे लॅपटॉप आजवर एकाच जाळ्यावर होते. म्हणजे तिजोरी आणि बिछायत एकाच खोलींत. आतां टीव्ही व पाहुणे एका जाळ्यावर, घरची मंडळी दुसऱ्यावर. माजघराच्या उंबऱ्याचा नियम त्यांस आधींच ठाऊक असल्यामुळें हें समजावण्यास दोन वाक्यें पुरलीं. शहरांतल्या आमच्या मित्रांस तेंच समजावतांना आमचा तासभर जातो, कारण त्यांच्या सदनिकेंत ओटीच नाहीं. दार उघडलें कीं एकदम माजघर, आणि त्याच्या भिंतीवर हा परका बसलेला.

पुण्यास परतल्यावर आम्हीं आपल्या घरीं याहून कडक पाऊल उचललें. टीव्हीस इंटरनेटच ठेवलें नाहीं. बातम्या व मालिका छपरावरच्या डिशमधून येतात तेवढ्या आमच्या मंडळींस पुरतात. चित्रपट पाहावयाचा झाला तर मोबाइलवरून तेवढ्यापुरती जोडणी द्यावी व चित्रपट संपतांच ती टीव्हीच्या स्मरणांतून पुसून टाकावी. टीव्हीवरचें खातेंही कोणा एकाचें ठेवलें नाहीं. घराच्या नांवानें एक नवें उघडलें, त्यांत ना कोणाचा मोबाइल ना कोणाची पत्रें. सहा महिन्यांतून एकदां दोन तास जोडणी देऊन कंपनीची दुरुस्ती उतरवून घ्यावी, कारण जुन्या कुलपाच्या खोडी चोरांस ठाऊक झालेल्या असतात. टीव्ही विकतांना किंवा कोणास देतांना त्यांतली सारी स्मृति पुसून मगच द्यावा.

आमच्या पुतण्यानें यास नाक मुरडलें. त्याचें म्हणणें, "काका, मोबाइल चोवीस तास खिशांत घेऊन फिरतां, तो याच्या दसपट चुगलखोर; आणि रुसतां टीव्हीवर!" त्याचें म्हणणें खोटें नाहीं, आणि आम्ही त्यास तसें कबूलही केलें. परंतु आमच्या मोबाइलचें बरेंवाईट आमच्या एकट्याचें. टीव्हीसमोर आमची नव्वदीची आत्या बसते, तिला या कशाची कल्पना नाहीं. शेजारचीं मुलें बसतात. आणि संक्रांतीस बायका जमतात. त्यांच्या वतीनें "मान्य आहे" म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला, हें आम्हांस अद्याप सांपडलेलें नाहीं. पुतण्या मॅचच्या दिवशीं आपल्या मोबाइलवरून जोडणी देतो आणि पुसावयास हमखास विसरतो. आम्ही रात्रीं उठून पुसतों.

गेल्या आठवड्यांत लोहगडवाडीहून यजमानांचा फोन आला होता. ओटीवर "चपला बाहेर काढाव्यात" अशी पाटी पूर्वींपासून होतीच, तिच्याखालीं मुलाच्या अक्षरांत दुसरी लागली आहे, "जाताना टीव्हीतून आपले खाते बंद करून जावे." पहिले दोन आठवडे कोणी वाचलें नाहीं. आतां पाहुणा निघाला कीं मातोश्रीच दारांत उभ्या राहून विचारतात, "बंद केलं का रं बाबा त्ये तुजं?" काय बंद करावयाचें असतें तें त्यांस नक्की ठाऊक नाहीं, पण बॅग खालीं ठेवून माणूस मुकाट्यानें आंत परत जातो म्हणे.